एका ओढीचा माणूस

राजय्यामामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते धोट्याचा मुका घेत होते. मी नुकताच गावाकडून आलो होतो, हातात पत्र्याची ट्रंक होती, आणि समोर लुंगी-बनियनमधला एक किडकिडीत माणूस लाकडी धोटा ओठांना लावून, डोळे मिटून उभा होता. मला वाटलं, काहीतरी पूजा चालली आहे. त्यांनी डोळे उघडले, ओठांत आलेलं दोऱ्याचं टोक बोटानं धरलं, धोटा मागात बसवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "काय बघायलास? बायकोपेक्षा जास्त मुके ह्याचे घेतलेत." मागांच्या खडखडाटात ते ओरडूनच बोलले होते, आणि मामी डबा घेऊन दारातच उभ्या होत्या. मामींनी डबा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मग भाकरी पण त्यालाच मागा."

मी विज्ञानाचा विद्यार्थी असलो तरी तोवर माग पाहिला नव्हता, त्यामुळं हा मुका म्हणजे काय ते मला नंतर कळलं. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती संपली की नवी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या कुशीतल्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. तारेच्या आकड्यानंही ते निघतं, पण वेळ जातो. म्हणून विणकर भोकाला तोंड लावून श्वास आत ओढतो आणि श्वासाबरोबर दोरा येतो. नुसता दोराच येतो असं नाही, रुई येते, रंगही येतो. थोड्या वेळानं कांडी संपते आणि परत तेच. नवख्याला चार-पाच ओढी लागतात. मामांना एकच लागायची. डोळे मिटायचे, एक ओढ, दोरा हजर. त्या आठ मागांच्या कारखान्यात याचा त्यांना फार अभिमान होता.

माणसंही ते याच मापानं मोजायचे. भरवशाचा असेल तो एका ओढीचा. कोपऱ्यावरचा चहावाला एका ओढीचा, कारण तो न सांगता साखर कमी घालायचा. मालक दीड ओढीचे, कारण त्यांनी रुई बाहेर जावी म्हणून भिंतीत पंखा बसवला होता पण वायर जोडायची राहिली होती. मी तिथं राहिलो तेवढी सगळी वर्षं ती राहिलेलीच होती. मी पहिल्या वर्षी फिजिक्सच्या पेपरात नापास झालो तेव्हा त्यांनी माझा निकाल विचारला आणि थोडा वेळ विचार करून म्हणाले, "हरकत नाय. तीन ओढीचा हाय तू. पण दोरा येतोय की बाहेर."

माळशिरस तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. मॅट्रिकच्या पुढं गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी मी सोलापूरला आलो आणि पूर्व भागातल्या या कारखान्यामागं, ओळीनं असलेल्या खोल्यांपैकी एक मला मिळाली. शेजारची मामांची. त्यांच्या घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि चिडले की दोन्ही. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "काय सायन्स, जेवलास का?" असं भिंतीपलीकडून विचारायचे. कॉलेजात मी कुणाशी धड बोलत नव्हतो. शहरातल्या मुलांसमोर माझ्या तोंडून 'न्हाय' निघालं की ती हसायची. मामांसमोर तसं काही नव्हतं. त्यांचंही मराठी स्वतःचंच होतं.

मामांना दमा लहानपणापासून होता. त्याच्याविषयी ते घरी येणाऱ्या मेहुण्याविषयी बोलावं तसं बोलत. "काल आला होता. बसला लई वेळ. गेला सकाळी." थंडी पडली, आभाळ आलं, की हा मेहुणा यायचा. मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडं जाऊन दंडावर सुई घ्यायची, अर्ध्या तासात छाती मोकळी झाली की परत मागावर. मधल्या दिवसांत औषधाचं नाव नाही. मी एकदा चाचरत म्हणालो की बरं असतानाही काही घ्यावं लागत असेल. ते म्हणाले, "भूक नसताना जेवतोस का तू?"

त्यांचे स्वतःचे उपाय होते. बनियनच्या आत शिवलेल्या खिशात गुळाचा खडा असायचा. काम संपलं की तो तोंडात टाकायचा, म्हणजे दिवसभराची रुई पोटात उतरते. कारखान्यातले सगळेच गूळ खात. मी तोंडाला फडकं बांधण्याचं सुचवलं तेव्हा सगळे हसले. फडकं बांधल्यावर मुका कसा घेणार? दुसरा उपाय बिडीचा. मामी घरी बिड्या वळायच्या. तपासणीत वाकड्या म्हणून परत आलेल्या बिड्या घरात पडून असत, त्या मामा संपवायचे. पहिल्या झुरक्याला खोकला यायचा, कफ पडायचा आणि ते समाधानानं म्हणायचे, "बघ, सुटला." एका मृगाला ते दम्यावरचं औषध भरलेली जिवंत मासळी गिळायला हैदराबादलाही जाऊन आले. आल्यावर पथ्य म्हणून हे नको, ते नको चाललं होतं, पण बिडी चालू होती. मामी मला म्हणाल्या, "त्या मासळीला पण बिडीची सवय लावली बघ ह्यांनी."

पद्मा त्यांची एकुलती मुलगी. मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा ती नववीत होती. शाळेतून आली की मामींच्या शेजारी मांडीवर सूप घेऊन बसायची, पानं कापायची, तंबाखू भरायला शिकायची. अभ्यास त्यातच. तिची मान खाली असायची आणि मधूनमधून ती खोकायची. थंडीत तिच्याही छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. मामी म्हणायच्या, बापाचं नाक घेतलं, बापाची छाती घेतली, माझं काय घेतलं पोरीनं? त्यात काळजीपेक्षा कौतुकच जास्त होतं. त्या गल्लीत बिडीला हात चांगला असलेल्या मुलीला स्थळ लवकर मिळायचं. मुलगी बघायला येणारे रंगाआधी बोटं बघत. पद्माची बोटं लांब होती, म्हणून मामी निश्चिंत होत्या. शाळा नववीनंतर सुटणार हे ठरलेलंच होतं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मामा धोट्यांना शिव्या देऊ लागले. हा धोटा बिघडलाय, ह्याचं भोक बुजलंय, ह्याचं लाकूडच वाईट. मालकांकडून नवा मागून घ्यायचे, चार दिवस बरं चालायचं, मग तोही बिघडायचा. जुने धोटे त्यांच्या मागाखाली एका पेटीत साठले होते. मी दुपारी कधी तिथं बसायचो तेव्हा बघायचो, की एका ओढीत दोरा येत नाही. दुसरी ओढ, कधी तिसरी. दम लागलेला नसतानाही. सुई घेऊन छाती मोकळी झालेल्या दिवशीही. मला शंका आली होती. पण ज्या गोष्टीचा माणसाला अभिमान आहे तिच्याविषयी शंका बोलून दाखवायची हिंमत मला झाली नाही, आणि हे मी आजही खात्रीनं लिहू शकत नाही, की मी थोडा आधी बोललो असतो तर काही फरक पडला असता का.

एकदा पद्मा डबा घेऊन आली तेव्हा मामा एका धोट्याशी झगडत होते. त्यांनी तो तिच्यापुढं धरला. बघ, म्हणाले, मालक कसला माल आणायलाय. तिनं सहज ओठ लावले. एका ओढीत दोरा तिच्या ओठांवर आला.

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. एकजण म्हणाला, "राजय्या, पोरीला बसव आता मागावर." मामाही हसले. तिचं तोंड लहान हाय म्हणून, असं काहीतरी म्हणाले. पण ती गेल्यावर त्यांनी पेटीतले धोटे एकेक काढून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, परत ओढून पाहिले. मग पेटी पायानं आत सारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले, अंगात शर्ट आणि पायात वहाणा. "सायन्स, मोठ्या दवाखान्यात येतोस का माझ्यासंगं?"

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते आणि रांग मोठी होती, तरी त्यांनी घाई केली नाही. कधीपासून, वर्षातून कितीदा, मध्ये औषध काय, काम कोणतं, बिडी किती, एकेक विचारत गेले. तीन वर्षांपूर्वी एकदा मामा निळे पडले होते, चौघांनी उचलून नेलं होतं, तेही त्यांनी खोदून काढलं. मग आगपेटी आहे का विचारलं. मामांनी खिशातून काढून दिली, आपली चूक पकडली गेल्यासारखी. डॉक्टरांनी काडी पेटवली आणि मामांच्या तोंडापासून वीतभर लांब धरली. ओठांचा चंबू न करता, उघड्या तोंडानं फुंकर मारून विझवायची.

मामांनी फुंकर मारली. ज्योत जरा वाकली आणि परत उभी राहिली. दुसऱ्यांदा त्यांनी हळूच ओठ आवळले. डॉक्टर म्हणाले, "मामा, चोरी नको." मामा म्हणाले, "काडी ओली असंल." डॉक्टर हसले. त्यांनी सुई दिली आणि अर्ध्या तासानं परत बोलावलं. अर्ध्या तासात छातीतली शिट्टी थांबली, मामा बाकावर बसून शेजारच्या म्हातारीशी तेलुगूत गप्पा मारू लागले, चेहरा खुलला. परत काडी पेटली. मामांनी सगळा जीव लावून फुंकर मारली. काडी डॉक्टरांच्या बोटापर्यंत जळत आली आणि त्यांनीच ती हात झटकून विझवली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी केसपेपरच्या मागं लिहून घेतलं, कारण मामांनी मला त्यासाठीच आणलं होतं. पूर्वी श्वासाच्या नळ्या सुजायच्या आणि सूज उतरायची. पण वर्षानुवर्षं सूज येत राहिली, मधल्या काळात तिच्यावर औषध नाही, वर रुई आणि धूर. त्यानं नळ्या आतून जाड झाल्या. आता सुईनं जेवढं उघडायचं तेवढं उघडतं, बाकीचं उघडत नाही. प्रत्येक दमेकऱ्याचं असं होत नाही, असंही ते म्हणाले. पण ज्याचा दमा लहानपणापासूनचा, वरचेवर जोरात येणारा, दुर्लक्ष केलेला, आणि जो धुरळ्यात राबतो आणि वर बिडी पितो, त्याचं होण्याची भीती जास्त. गेलेला श्वास परत येईल का, हे मी दारात थांबून एकट्यानं विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. राहिलेला सांभाळायचा, म्हणाले. बिडी आजच सोडायची, जमलं तर मागही, आणि बरं वाटत असलं तरी गोळ्या रोज घ्यायच्या.

घरी येताना मामांनी विचारलं, डॉक्टर शेवटी काय म्हणाले. मी म्हणालो, हळूहळू फरक पडेल. ते चौकापर्यंत चालून आल्यावर एका दुकानाच्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, "आज तू दोन ओढीचा झालास, सायन्स." त्यांनी गुळाचा खडा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

बिडी त्यांनी त्या दिवशी सोडली. कशी सोडली ते मला ठाऊक नाही, कारण घरभर तंबाखूचा वास होता. माग सोडला नाही. दुसरं कुठलं काम येतं मला, म्हणाले. मात्र दोरा काढायला त्यांनी तारेचा आकडा घेतला. कारखान्यात सगळ्यांसमोर, आठ मागांमध्ये, तो आकडा वापरताना त्यांना काय वाटत असेल याचा मी विचार करायचो. कुणी चेष्टा केली तर म्हणायचे, "म्हातारा झालो बे. मुके किती घ्यायचे?"

काही दिवसांनी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि केसपेपरच्या मागचं परत वाचायला सांगितलं. मामी आणि पद्मा भिंतीला टेकून बिड्या वळत होत्या. मी वाचू लागलो. लहानपणापासून दमा. थंडीत वरचेवर त्रास. मध्ये औषध नाही. घरात, कामात धुरळा. मामांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. ते पद्माकडं बघत होते. तिच्या मांडीवरच्या सुपात तंबाखू होता, आणि तिनं खोकताना तोंड फिरवून घेतलं, तंबाखू उडू नये म्हणून.

"थांब," मामा म्हणाले. "हे माझं वाचायलास की तिचं?"

मी कागद खाली केला. मामींचे हात थांबले नव्हते.

त्याच आठवड्यात ते पद्माला घेऊन त्याच डॉक्टरांकडं गेले. मी बरोबर नव्हतो, पण आल्यावर मामांनी मला दोनदा सांगितलं, की तिनं काडी पहिल्याच फुंकरीला विझवली, ओठ न आवळता. डॉक्टर म्हणाले, हिचं सगळं अजून हातात आहे. मामा घरात गेले, पद्माच्या मांडीवरचं सूप उचललं आणि फळीवर ठेवलं. त्यावरून घरात जे सुरू झालं ते भिंतीपलीकडून मला दोन्ही भाषांत ऐकू यायचं. मामींचं म्हणणं चुकीचं होतं असं मला कधीच वाटलं नाही. मुलीच्या हातात काम नाही म्हटल्यावर तिला करणार कोण? आणि मामांचा श्वास असा. उद्या ते मागावर उभे राहू शकले नाहीत तर घर चालणार कशावर? मामा एवढंच म्हणायचे, की ती शाळेत जाईल. मामींनी आपलं बिडीचं काम बाहेरच्या ओट्यावर नेलं, रागानं. पण नेलं.

संक्रांतीनंतर स्थळ आलं. चांगलं होतं. मुलाचे स्वतःचे दोन माग होते. मामींनी हे त्यांच्या भावाकरवी जुळवत आणलं होतं आणि मामांना ताकीद दिली होती, की तुम्ही फक्त नमस्कार करायचा. पाहुणे बसायला जागा हवी म्हणून माझी चटई त्यांच्याकडं होती आणि मी दारात उभा होतो. मुलाच्या आईनं पद्माची बोटं बघितली, चांगलं म्हणाली, आणि बिड्या दिवसाला किती होतात ते विचारलं. मामी उत्तर देणार तेवढ्यात मामा बोलले. ते सावकाशच बोलले, कारण एका श्वासात आता त्यांची तीन-चार शब्दांपुढं मजल जात नव्हती.

"माझ्या पोरीला बिडी येत नाय. येणार पण नाय. तिला दमा हाय, माझ्यासारखा. तुमच्या घरात माग हाय, रुई हाय. तिला मॅट्रिक करायलोय मी. नंतर कुणाला पायजे असंल तर... यावं."

दमा ही मुलीच्या लग्नात लपवायची गोष्ट. कोड लपवतात, फिट लपवतात, तसा दमा लपवतात. त्यांनी तो बैठकीच्या मधोमध ठेवला. मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. पाहुणे चांगली माणसं होती, वाईट काही बोलली नाहीत, पोह्यांची स्तुती करून उठली. मामी कितीतरी दिवस मामांशी बोलल्या नाहीत. जेवणाचं ताट माझ्याकडून पाठवायच्या. मामा ताट घेऊन मला म्हणायचे, "तिला सांग, मीठ बरोबर हाय." मी सांगायचो. मामी म्हणायच्या, "सांग त्यांना, जिभेला पण दमा नाय झाला अजून." अशा तऱ्हेनं त्यांचं बोलणं परत सुरू झालं.

मी पदवी घेऊन पुण्याला आलो. जाताना मामा माझी ट्रंक उचलायला निघाले होते, पद्मानं ती त्यांच्या हातातून घेतली. पुढं मामा मागावर फार दिवस टिकले नाहीत. त्यांना बसून करायचं चादरी मोजण्या-घडी घालण्याचं काम मिळालं, ते मामींनी मालकांपुढं उभं राहून मिळवलं, असं पद्माच्या पत्रातून कळलं. पत्रात तिनं असंही लिहिलं होतं, की नायना, म्हणजे तिचे वडील, मला रोज गोळी घेतली का विचारतात आणि स्वतःची विसरतात.

यंदा मार्चमध्ये कॉलेजातून एक दाखला घेण्यासाठी मी सोलापूरला गेलो होतो. काम एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं एसटी स्टँडकडं जाताना मला ते दोघे दिसले. पद्माच्या हातात पॅड आणि कंपास होती, म्हणजे मॅट्रिकचा पेपर होता. ती पुढं, मामा मागं. अंगात इस्त्रीचा शर्ट. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

ती वीस-पंचवीस पावलं गेली की थांबायची, वळून बघायची. मामा ताठ उभे राहायचे, हसायचे आणि हातानं सांगायचे, चल तू, चल, उशीर होईल. ती चालू लागायची. तिनं तीनदा वळून पाहिलं. तिन्ही वेळा मामा तसेच, ताठ. मी रिक्षातून एक पाय खाली ठेवला होता. मग पद्मा शाळेच्या कोपऱ्यावरून आत वळली आणि दिसेनाशी झाली. मामा तिथंच थोडा वेळ उभे राहिले, ती परत डोकावत नाही ना याची खात्री होईपर्यंत. मग वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले, तोंड उघडलं आणि श्वास घेऊ लागले.

मी पाय आत घेतला. आपल्याला असं कुणी पाहिलेलं त्यांना आवडलं नसतं. रिक्षा पुढं गेली तेव्हा ते अजून वाकलेलेच होते, आणि डोळे शाळेच्या फाटकाकडं होते.